विद्यार्थी मंडळे : मान आणि जबाबदारी

(संस्थेच्या अहेरी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आताच आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला. त्यांनी मेहनत केली आहे, त्यांचे आणि त्यांच्या पालकांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आज मला बोलायचे आहे ते त्या मुलांविषयी, ज्यांचे नाव पुकारले गेले नाही. काही मुले या मंडपात मागे बसली आहेत. काही मुले गेल्या वर्षी येथे होती, यंदा दिसत नाहीत. कोणी दुकानात बसले असेल, कोणी गॅरेजमध्ये पाना हातात घेतला असेल, एखादी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहिली असेल. शाळेचा मान कोणाचा, असा प्रश्न आला की आपण पहिल्या तीन नावांकडे बोट दाखवितो. हा हिशेब अपुरा आहे, असे माझे नम्र मत आहे, आणि त्यासाठी मी आपल्याला जुन्या काळातील विद्यार्थी मंडळांची हकिकत सांगणार आहे.

विद्यार्थी मंडळ म्हटले की आजचे पालक थोडे दचकतात. मंडळ म्हणजे वर्गणी, गोंगाट, निवडणुकीची भांडणे, अभ्यासाचे नुकसान, असा आपला समज झाला आहे. तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या काळात हायस्कूल ही चीज दुर्मीळ होती, त्या काळात ही मंडळे कशासाठी निघाली, हे पाहिले म्हणजे आपला समज बदलेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. आज अहेरी गडचिरोली जिल्ह्यात आहे. पण हा जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधी आपण चांदा जिल्ह्याचे. हायस्कूल म्हटले की चांद्याला जायचे, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक अंतर, तेही जंगलातून, नद्या-नाले ओलांडून. असा मुलगा परगावी पोहोचला तर राहायचे कोठे, जेवायचे कोणाकडे, पुस्तके आणायची कोठून, असे प्रश्न त्याच्यापुढे उभे राहत. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि वरच्या वर्गात इंग्रजी. हुशार असूनही तो एकटा पडे आणि परत येई. ही स्थिती केवळ आपल्या भागाची नव्हती, साऱ्या देशातील खेड्यापाड्यांची होती. विद्यार्थ्यांच्या सभा, मंडळे आणि वसतिगृहे यांचे महत्त्व या एकटेपणामुळे आहे. एकट्याला जे झेपत नाही ते चारजणांनी मिळून करावे, एवढाच त्यामागचा साधा विचार.

याची सुरुवात त्याही आधीची आहे. मुंबईला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी १८४८ साली एक सभा काढली, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. दादाभाई नौरोजी हे त्यातील एक प्रमुख. सभेत निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, हा मूळ उद्योग. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी तिच्या ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. पण तरुण मंडळी निबंधावर थांबली नाहीत. पुढच्याच वर्षी, १८४९ साली, त्यांनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. पगारी शिक्षक ठेवायला पैसा नव्हता. तेव्हा सकाळी आपले काम सुरू होण्यापूर्वी हे तरुण स्वतः मुलींना शिकवू लागले, तेही विनामोबदला. मुलींना शिकविणे म्हणजे अधर्म असे लोक उघड म्हणत, तो हा काळ. विद्यार्थी मित्रांनो, हे लक्षात घ्या. चर्चा करणाऱ्या मंडळाने स्वतःला एकच प्रश्न विचारला : आम्हाला जे मिळाले, ते कोणाला मिळालेले नाही? आणि त्याचे उत्तर त्यांनी कृतीने दिले.

मुंबईच्याच मुस्लिम समाजात १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासारखी माणसे त्यामागे होती. १८८० साली तिची शाळा निघाली. ही वडीलधाऱ्यांनी काढलेली संस्था. विद्यार्थ्यांनी स्वतः काय केले, याचे उदाहरण पाहायचे तर अलीगढला जावे लागेल.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला शाळा काढली आणि तिचे पुढे कॉलेज झाले, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. १८८४ साली तेथे विद्यार्थ्यांचा युनियन क्लब निघाला. पहिले प्राचार्य सिडन्स यांचे नाव त्याला दिले होते. ठरलेल्या विषयावर एकाने बाजू मांडायची, दुसऱ्याने ती खोडून काढायची, तिसऱ्याने अध्यक्ष म्हणून दोघांना शिस्तीत ठेवायचे, अशी त्याची रीत. विरुद्ध मत शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय तेथे लागली. ही सवय आपल्या घरात, मोहल्ल्यात आणि बैठकीत किती उपयोगी आहे, ते मी सांगायला नको.

त्याहून महत्त्वाची गोष्ट १८९० सालची. साहिबजादा आफताब अहमद खान हे तेव्हा विद्यार्थी होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी अंजुमन-अल-फर्ज काढली. इंग्रजीत तिला ड्यूटी सोसायटी म्हणत. फर्ज म्हणजे कर्तव्य. कॉलेजात शिकण्याची ऐपत नसलेल्या मुलांसाठी पैसा उभा करणे, हे तिचे काम. सुटी लागली की सभासद निरनिराळ्या गावांना जात, लोकांना शिक्षणाचे महत्त्व सांगत आणि वर्गणी गोळा करून आणीत. जमीनदाराचा मुलगा परक्याच्या दारात उभा राहून दुसऱ्याच्या फीसाठी हात पसरीत होता. यात दुहेरी लाभ होता. गरीब मुलाची फी भरली जाई आणि श्रीमंत मुलाचा अहंकार उतरे. हेच आफताब अहमद खान पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांना तेथवर पोहोचविणारी तालीम वर्गाइतकीच त्या वर्गणीच्या वहीनेही दिली असणार, असे मला वाटते.

आता आपल्या महाराष्ट्रात परत येऊ. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. १९०६ साली तेथे मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि मुसलमान मुलांच्या राहण्याची सोय झाली. स्वतः महाराज तिच्या अध्यक्षपदी होते. राजाने हे पद शोभेसाठी घेतले नव्हते. मुलाला डोक्यावर छप्पर आणि पोटाला भाकरी मिळाली तरच वर्ग भरतो, हे त्यांना कळले होते.

त्याच विचारातून कर्मवीर भाऊराव पाटील यांचे काम उभे राहिले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका छताखाली राहत. मराठा, महार, जैन, मुसलमान, सारे एका पंगतीला. स्वयंपाकाला हातभार लावायचा, पाणी भरायचे, झाडलोट करायची, शेतात राबायचे, ही कामे मुलांनी वाटून घ्यायची. येथे उपस्थित माता-भगिनींना मी आवर्जून सांगतो की, मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले, गळ्यातले मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. आज महाराष्ट्रात शाळांचे जे जाळे दिसते, त्याच्या पायात एका माऊलीचे दागिने पुरलेले आहेत.

चौथे उदाहरण खानदेशातील अंमळनेरचे. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तेथे ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. रात्री जागून स्वतःच्या हाताने लिहायचे आणि सकाळी मुलांना वाचायला ठेवायचे. ना छापखाना, ना जाहिरात, ना पैसा. लागत होते ते कागद, शाई आणि मुलांविषयीची कळकळ. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही सुरू केले. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत. बोलून जे शिकविता येत नाही, ते करून शिकवावे, ही त्यांची पद्धत. शाळेत मंडळ काढायचे तर इमारत हवी, निधी हवा, मंजुरी हवी, असे म्हणणाऱ्यांनी या एका दैनिकाची आठवण ठेवावी.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे काय चालले होते तेही पाहू. अमेरिकेत हायस्कुलांची संख्या झपाट्याने वाढली होती. खेळात जिंकणाऱ्या मुलांचा गाजावाजा होई, अभ्यासू मुलाकडे कोणी पाहत नसे, अशी तेथील मुख्याध्यापकांची तक्रार होती. १९२१ साली त्यांच्या संघटनेने नॅशनल ऑनर सोसायटी स्थापन केली. सभासद होण्यासाठी चार कसोट्या ठेवल्या : अभ्यास, नेतृत्व, सेवा आणि चारित्र्य. यातील गंमत पाहा. ज्यांना अभ्यासाचा मान वाढवायचा होता, त्यांनीसुद्धा एकट्या गुणांवर मान दिला नाही. गुण चांगले पण कोणाच्या उपयोगी पडला नाही, अशा मुलाला त्या मानाच्या यादीत जागा नव्हती. अर्थात पुढे तेथेही हे सभासदत्व कॉलेजच्या प्रवेशअर्जावर मिरविण्याची वस्तू झाली. मान ही वस्तूच तशी आहे. तिच्या सोबतची जबाबदारी काढून घेतली की उरतो तो फक्त बिल्ला.

या साऱ्या उदाहरणांत मला तीन गोष्टी समान दिसतात. पहिली, काम मुलांच्या हाती होते. मोठी माणसे पाठीशी उभी राहिली, पण वही, हिशेब, झाडू आणि भाषण मुलांनी सांभाळले. दुसरी, प्रत्येक मंडळाचे तोंड बाहेरच्या दिशेला होते. जो आत आला त्याने, बाहेर राहिलेल्याला आत आणायचे. तिसरी गोष्ट, ही मंडळे फार थोड्या पैशात चालली.

आता पालकांच्या मनातील प्रश्न मी स्वतःच विचारतो. साहेब, हे सर्व ठीक आहे, पण यातून मार्क वाढतात का? मी खोटे आश्वासन देणार नाही. वादविवाद केला म्हणून गणिताचा पेपर सुटत नाही. पण जो मुलगा आठवड्यातून एकदा चारचौघांत उभा राहून बोलतो, त्याची मुलाखतीत बोबडी वळत नाही. जी मुलगी मंडळाचा जमाखर्च लिहिते, तिला पुढे बँकेचा फॉर्म भरायला भाऊ सोबत न्यावा लागत नाही. आणि जो दुसऱ्याला धडा समजावून सांगतो, त्याचा स्वतःचा धडा पक्का होतो, हे तर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. आमच्या मुलाला वेळ कोठे आहे, असे आपण म्हणता. आज घराघरांत मोबाईल आहे. संध्याकाळचा किती वेळ त्यात जातो, याचा हिशेब घरी बसून शांतपणे करावा. मंडळाला आठवड्याचे दोन तास पुरतात.

तिसरा प्रश्न आपण उघडपणे विचारीत नाही, पण तो मनात असतो. मुली यात कशाला? एल्फिन्स्टनच्या तरुणांना हाच प्रश्न विचारला गेला होता. त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. आपल्या घरातील मुलगी सभेत बोलली तर काय होईल? एवढेच होईल की तिला काय वाटते ते आपल्याला कळेल. एखाद्या वेळी ती म्हणेल, अब्बा, मला अजून शिकायचे आहे. हे वाक्य बोलण्याची हिंमत तिला शाळेत मिळाली, तर ती शाळा धन्य आहे असे मी समजेन.

आता अहेरीविषयी बोलतो. आपला भाग इतरांसारखा नाही. आपल्या वर्गांत घरी मराठी बोलणारी मुले आहेत, दखनी-उर्दू बोलणारी आहेत, गोंडी-माडिया बोलणारी आहेत. प्राणहितेपलीकडे तेलंगणा आहे, त्यामुळे तेलुगू तर बाजारात, नात्यागोत्यात सर्वत्र ऐकू येते. पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर आला की रस्ते बंद पडतात आणि सुटीवर गेलेली मुले वेळेवर परतत नाहीत. एकदा पंधरा दिवस बुडाले की पुढचा धडा कळत नाही, कळत नाही म्हणून लाज वाटते आणि लाज वाटते म्हणून मूल येईनासे होते. शाळा सुटण्याची सुरुवात पुष्कळदा अशी लहानशी असते. कायद्याने शिक्षण मोफत आहे ते वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. खरी कसोटी नववी-दहावीत लागते. खर्च वाढतो, अभ्यास अवघड होतो आणि नेमके त्याच वेळी मुलगा कमावता होईल असे घरच्यांना दिसू लागते. म्हणून आपल्या शाळेत विद्यार्थ्यांचे एक मंडळ असावे आणि त्याने चार कामे हाती घ्यावीत, अशी माझी सूचना आहे.

पहिले काम हजेरीचे. एखादा सोबती तीन दिवस वर्गात आला नाही तर मंडळाच्या दोघांनी त्याच्या घरी जावे. मुलगी असेल तर दोघी मैत्रिणींनी जावे. चौकशीच्या सुरात नव्हे, सोबत्याच्या सुरात. वही सोबत न्यावी, राहिलेला अभ्यास सांगावा आणि काही अडचण कळली तर ती सरांच्या कानावर घालावी, गावात बोलू नये.

दुसरे काम पुस्तकांचे. नववी-दहावी झालेल्यांनी निकाल लागताच आपली पुस्तके, गाईड, कंपासपेटी, गणवेश मंडळाकडे द्यावा. ज्याला हवे त्याने गाजावाजा न करता न्यावे. देणाऱ्याचे नाव लिहावे, घेणाऱ्याचे लिहू नये.

तिसरे काम भित्तिपत्रकाचे. पंधरा दिवसांतून एकदा, हाताने लिहिलेले. मराठी असावे, उर्दू असावे, गोंडी आणि तेलुगूतले शब्दही असावेत. आजोबांकडून ऐकलेली जंगलाची हकिकत, सागवानाच्या डेपोवर काम कसे चालते, आठवडी बाजारातले भाव, मोहफुलाचा हंगाम, असे विषय मुलांनी स्वतः पाहून लिहावेत. आपल्या घरची भाषा शाळेच्या भिंतीवर लागलेली दिसली की मागच्या बाकावरचे मूल पुढे सरकते.

चौथे काम सभेचे. शनिवारी एक तास वादविवाद. एका सत्रात जो अध्यक्ष झाला त्याने पुढच्या सत्रात झाडलोटीचे काम घ्यावे. पदांपैकी निम्मी पदे मुलींकडे असावीत. जमाखर्चाची वही दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावावी. ज्याला शाळेत चार रुपयांचा हिशेब चोख ठेवता आला, तो उद्या समाजाचा पैसा चोख ठेवील.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. संस्था आपली असली तरी हे मंडळ फक्त आपल्या मुलांचे नसावे. बाकावर शेजारी बसणारा गोंड असो, तेलुगू असो, कोणत्याही धर्माचा असो, त्याचे दार तितकेच आपले. साताऱ्याच्या वसतिगृहात मुसलमान मुलाला जी पंगत मिळाली, तिचे ऋण आपण या रीतीने फेडू शकतो.

मग मानाचे काय? मानाची यादी जरूर असावी. पण पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात पहिल्या तीन क्रमांकांनंतर आणखी एक बक्षीस पुकारले जावे, अशी मी अध्यक्षांना विनंती करतो. ज्या वर्गातील एकही मूल वर्षभरात गळाले नाही, त्या संपूर्ण वर्गाला हे बक्षीस द्यावे. कप मोठा नसला तरी चालेल. तो घ्यायला सारा वर्ग व्यासपीठावर यावा, पहिला आलेला आणि काठावर पास झालेला खांद्याला खांदा लावून उभे राहावेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी प्रत्येकजण पहिला येऊ शकणार नाही, ते गणितच तसे आहे. पण प्रत्येकजण कोणाला तरी सोबत आणू शकतो. आज घरी गेल्यावर आपल्या वर्गातील जो सोबती येईनासा झाला आहे, त्याचे नाव आठवा. त्याचे घर तुम्हाला ठाऊक आहे. आम्हा मोठ्यांचे त्याच्याकडे जाणे म्हणजे उपदेश होतो, तुमचे जाणे म्हणजे दोस्ती होते. मंडळाची स्थापना, घटना, पदाधिकारी हे सर्व सावकाश होत राहील. सुरुवात त्या घरापासून करा.

पालक बंधु-भगिनींनो, आपले मूल अशा कामासाठी तासभर उशिरा घरी आले, तर त्याला रागावू नका. कोठे गेला होतास, एवढे विचारा आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घ्या.